चकती बसवली नव्हती

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या पट्ट्यात दिवाळीनंतर घरदुरुस्तीची कामं अर्ध्यावर थांबायला लागतात. हवा बिघडते, ‘ग्रॅप’चा, म्हणजे प्रदूषण वाढेल तसे टप्प्याटप्प्याने लागणाऱ्या निर्बंधांचा, तिसरा टप्पा लागू होतो, तोडफोड आणि बांधकामावर बंदी येते. गवंडी गावी जातात. मागे राहतात भिंतीतून बाहेर डोकावणारी पाइपांची तोंडं. बाथटब काढून टाकला, त्याची लाइन तशीच. गीझर दुसऱ्या भिंतीवर गेला, जुना पॉइंट तसाच. वॉशिंग मशीन बाल्कनीतून आत आलं, बाल्कनीतला नळ आता कुणाचाच नाही. प्लंबर जाताना कुठे प्लॅस्टिकचा प्लग पिळतो, कुठे एन्ड कॅप चिकटवतो आणि कुठे नुसता कॉक फिरवून सांगतो, ‘बंद कर दिया है.’

बंद कॉक आणि बंद पाइप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉक म्हणजे हलणारा भाग. त्याच्या आत जी बैठक असते तिच्यावर क्षार बसतो, गंज बसतो, सिमेंटचा कण अडकतो. या भागातल्या बोअरच्या जड पाण्याने तर कॉक लवकरच खराब होतो. चाकी हाताला घट्ट लागते आणि आत केसाएवढी फट उरलेली असते. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली उतरलं की पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढतो. दिवसा शेजाऱ्यांचे नळ चालू असतात म्हणून तो थोडा विभागला जातो. रात्री सगळे नळ बंद झाले की पूर्ण दाब त्या एका फटीवर येतो. म्हणून नको असलेल्या पाइपाचं तोंड टेफलॉन लावून आट्याच्या प्लगने बंद करायचं, टाइल बसण्याआधी दाब देऊन लाइन तपासायची, आणि भिंतीआड कुठे काय बंद केलं आहे ते घरातल्या माणसाला दाखवायचं. स्वयंपाकाच्या गॅसच्या लाइनला तर प्लंबरने हातच लावायचा नाही, ते काम गॅस कंपनीच्या माणसांचं. यात कुठलीही नवी विद्या नाही. तरी ते होत नाही, कारण बंद करणारा संध्याकाळी घरी जातो आणि पाणी सोडणारा दुसराच असतो.

हाच नियम कारखान्यांच्या पुस्तकांत जास्त कडक भाषेत लिहिलेला असतो. एखादी लाइन धुवायची किंवा उघडायची असेल तर व्हॉल्व्हवर विसंबायचं नाही. फ्लँजचे, म्हणजे पाइपांच्या जोडावरच्या कड्यांचे, बोल्ट सैल करायचे, दोन फ्लँजांच्या मध्ये भरीव लोखंडी चकती सरकवायची, बोल्ट पुन्हा आवळायचे. तिला स्लिप ब्लाइंड म्हणतात. एका फिटरचं थोड्या वेळाचं काम. भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ही चकती बसवली गेली नाही. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, बहुतेक तिथून सुटलेल्या विषारी वायूबद्दल. मला ती पाइपांच्या बाजूने लिहायची आहे, कारण वायू सुटण्याच्या तीन तास आधी तिथे जे चाललं होतं ते नळकाम होतं.

अडीच वर्षं आधी

मे १९८२. युनियन कार्बाइडच्या अमेरिकेतल्या मुख्य कंपनीने पाठवलेलं सुरक्षा पथक भोपाळचा कारखाना पाहून गेलं. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९८१ मध्ये, फॉस्जीनच्या नळाच्या जोडावर काम करताना देखभाल विभागातल्या एका कामगाराच्या अंगावर द्रव उडाला होता आणि तो दगावला होता. पथकाच्या अहवालात दोषांची लांबलचक यादी आहे. त्यातली एक नोंद अशी, की गाळण्या साफ करताना लाइनमध्ये स्लिप ब्लाइंड बसवले जात नाहीत, आणि व्हॉल्व्ह गळके असतील तर यातून गंभीर धोका होऊ शकतो.

म्हणजे धोका ठाऊक होता, कागदावर होता, आणि कोणत्या कामात आहे तेही लिहिलेलं होतं. त्याच वर्षी भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध करत होते. जून १९८४ मध्ये त्यांचा लेख दिल्लीहून निघणाऱ्या ‘जनसत्ता’तही आला.

सहा महिने आधी

मे १९८४ मध्ये कारखान्यात पाइपांचा एक छोटा फेरबदल झाला. मिथाइल आयसोसायनेटच्या, म्हणजे मिकच्या टाक्यांवरून दोन मोठ्या लाइनी जात. एक, सुरक्षा व्हॉल्व्ह उडाला तर वायू वाहून नेणारी. दुसरी, नेहमीच्या कामातला वायू नेणारी. एक दुरुस्तीला काढली तर दुसरीने काम भागावं म्हणून दोघींना एका आडव्या पाइपाने जोडलं गेलं. त्याला जंपर लाइन म्हणत. काम सोपं झालं. पण जी वाट पूर्वी नव्हती ती आता तयार झाली, एका लाइनीत शिरलेलं पाणी दुसऱ्या लाइनीत जाऊ शकेल अशी.

घरातही असंच होतं. सोयीसाठी टाकीचं पाणी आणि बोअरचं पाणी कुणीतरी एका ‘टी’ने जोडतो, आणि दोन वर्षांनी ती ‘टी’ टाइलखाली आहे हे कुणालाच माहीत नसतं.

जूनमध्ये टाक्या थंड ठेवणारं शीतकरण यंत्र बंद केलं गेलं. मिक शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं रसायन. ते ३९ अंशांना उकळतं. यंत्र बंद झाल्यावर ते भोपाळच्या हवेच्या तापमानाला राहू लागलं.

सहा आठवडे आधी

२२ ऑक्टोबरला मिकचं उत्पादन थांबलं. माल खपत नव्हता, कारखाना तोट्यात होता. टाकी क्रमांक ई-६१० मध्ये सुमारे ४२ टन मिक होतं. टाकीत नायट्रोजनचा थोडा दाब ठेवतात. आत दाब असला की बाहेरचं काही सहजी आत शिरत नाही. याच सुमारास त्या टाकीत दाब टिकेनासा झाला. ३० नोव्हेंबरला पुन्हा दाब देण्याचा प्रयत्न झाला, तोही फसला. कुठूनतरी गळत होतं. जिथून बाहेर गळतं तिथून आतही येता येतं, हे कुठल्याही प्लंबरला कळतं.

फ्लेअर टॉवर, म्हणजे सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा, त्याच्याकडे जाणाऱ्या पाइपाचा गंजलेला तुकडा काढून ठेवला होता. बदली तुकडा यायचा होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर चालू नव्हता, नुसता सज्ज होता. उत्पादन बंद आहे, तर सुरक्षा कशाला चालू ठेवायची, असा हा हिशेब. टाकी मात्र भरलेली होती.

सहा दिवस आधी

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीतलं देखभाल पर्यवेक्षकाचं पद काढून टाकलं गेलं. मिक विभागात एका पाळीतली माणसं त्याआधीच बारावरून सहावर आली होती. लाइन धुण्याआधी चकती बसली की नाही हे पाहणं याच पर्यवेक्षकाचं काम.

पुढे चौकशीत आणि वृत्तपत्रांत नावं कामगारांची आली. पण मला या घटनाक्रमातलं हे सगळ्यात जड पान वाटतं. इथे कुणी चकती विसरला नाही. ती आठवण्यासाठी जो माणूस पगारावर होता त्यालाच खर्चाच्या तक्त्यातून पुसून टाकलं.

रविवार, २ डिसेंबर १९८४, रात्री साडेआठ ते साडेनऊ

संध्याकाळच्या पाळीतल्या एका कामगाराला सांगण्यात आलं, गाळण्यांजवळच्या चार लाइनी चोंदल्या आहेत, त्या पाण्याने धू. नळी जोडली गेली, व्हॉल्व्ह बंद केला गेला, पाणी सोडलं गेलं. चकती बसली नव्हती हे त्याला दिसत होतं. पण ती बसवणं त्याचं काम नव्हतं, ते देखभाल विभागाचं काम होतं, आणि देखभाल विभागाचा पर्यवेक्षक त्या पाळीत नव्हता.

धुतलेलं पाणी बाहेर पडायला खाली छोटे व्हॉल्व्ह असतात. त्यांतून जितकं यायला हवं तितकं पाणी येईना. ते गाळाने बुजलेले होते. कामगाराने पाणी थांबवलं आणि वर सांगितलं. उत्तर मिळालं, चालू ठेव.

पाणी आत जातंय आणि बाहेर येत नाही, तर ते कुठेतरी जातंय. या एका प्रश्नावर ती रात्र थांबू शकली असती.

रात्री दहा वीस

नियंत्रण कक्षातल्या नोंदीत ई-६१० चा दाब २ पीएसआय. नेहमीचा.

रात्री पावणेअकरा

पाळी बदलली. संध्याकाळची माणसं गेली, रात्रीची आली. पाणी चालूच होतं.

पाळी बदलण्याच्या या घडीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण साडेतीन वर्षांनी स्कॉटलंडजवळच्या समुद्रात हीच घडी पुन्हा आली. ६ जुलै १९८८, पायपर आल्फा हा तेल-वायूचा फलाट. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह तपासणीला काढला होता आणि उघड्या तोंडावर तात्पुरती चकती लावली होती. तिथे चकती होती, पण ती दाब सहन करील अशी आवळलेली नव्हती. संध्याकाळी सहाला काम अर्धं राहिलं. ‘हा पंप चालू करू नका’ असा कागद होता, पण तो रात्रीच्या माणसांपर्यंत पोचला नाही. पावणेदहाला दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी पहिला चालू केला. दहाच्या सुमारास स्फोट. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर जगभरच्या तेल उद्योगाने आपले कागद, कुलपं आणि पाळी सोपवण्याच्या पद्धती बदलल्या. भोपाळमध्ये १९८४ साली चकतीचा नियम पुस्तकात होता.

रात्री अकरा

दाब १० पीएसआय. नव्या पाळीच्या माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. २ ते २५ ही नेहमीची मर्यादा मानली जाई. तासाभरात दाब पाचपट झाला आहे हे मागची नोंद पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. काटा फक्त आत्ताचं सांगतो.

टाकीत तेव्हा काय चाललं होतं ते नंतर रसायनशास्त्रज्ञांनी मांडलं. पाणी आणि मिक एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता तयार होते. टाकीतल्या मिकमध्ये क्लोरोफॉर्म हवा त्यापेक्षा जास्त होतं. वाढत्या उष्णतेत टाकीच्या पोलादातलं लोह सुटून द्रवात आलं आणि त्या लोहाने मिकचे रेणू एकमेकांना जोडण्याची दुसरी प्रक्रिया पेटवली. तीही उष्णता देणारी. टाकी थंड असती तर हे हळू झालं असतं, माणसांना वेळ मिळाला असता. शीतकरण यंत्र जूनपासून बंद होतं.

रात्री साडेअकरा

विभागातल्या माणसांचे डोळे झोंबायला लागले. भोपाळच्या त्या विभागात डोळे झोंबणं नवं नव्हतं. किरकोळ गळती बऱ्याचदा डोळ्यांनीच कळे. दोघंतिघं शोधायला गेले. स्क्रबरजवळ उंचावर एका पाइपातून थेंब पडत होते, पाणी आणि मिक एकत्र. पर्यवेक्षकाला सांगितलं गेलं. चहा झाल्यावर बघू, असं ठरलं.

मध्यरात्रीनंतर सव्वाबारा

चहा झाला. नियंत्रण कक्षात काटा ३० पीएसआयवर गेला होता आणि डोळ्यांदेखत चढत होता. थोड्याच वेळात तो ५५ वर, म्हणजे मापकाच्या शेवटी टेकला. तापमानाचा काटाही २५ अंशांवर, त्याच्या हद्दीवर. त्यापुढचं मोजायला काही नव्हतं. टाकी नंतर २०० अंशांच्या पलीकडे गेली असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

नियंत्रण कक्षातला माणूस टाकीपाशी धावला. टाक्या जमिनीत अर्ध्या पुरलेल्या, वर काँक्रीटचा थर. आतून घरघर येत होती. काँक्रीट तापलं होतं. मग ते तडकलं.

पावणेएक

सुरक्षा व्हॉल्व्ह उडाला. ३३ मीटर उंचीच्या नळीतून पांढरा वायू बाहेर पडू लागला. धुण्याचं पाणी आता बंद केलं गेलं. तीन तास ते चालू होतं. टाकीत सुमारे ५०० किलो पाणी गेलं असावं, असं वैज्ञानिक पथकाने नंतर मांडलं. घरातल्या गच्चीवरच्या एका बऱ्यापैकी टाकीएवढं.

स्क्रबर एवढ्या माऱ्यासाठी बांधलेलाच नव्हता. फ्लेअर टॉवरच्या पाइपाचा तुकडा जागेवर नव्हता. अडचणीच्या वेळी माल वळवण्यासाठी ई-६१९ ही टाकी राखीव ठेवायची असे, तिचा मापक ती रिकामी नाही असं दाखवत होता, म्हणून तिकडे माल वळवला गेला नाही. अग्निशमनाचे पाण्याचे फवारे सुरू झाले. ते १२ ते १५ मीटरपर्यंत चढले. वायू ३३ मीटरवरून सुटत होता.

रात्री एक

भोंगा वाजला आणि काही मिनिटांत बाहेरच्या लोकांसाठीचा भाग बंद केला गेला. आत हळू भोंगा चालू राहिला. कारखान्यातल्या माणसांनी वाऱ्याची दिशा पाहिली आणि ती वाऱ्याच्या उलट धावली. ती जवळजवळ सगळी वाचली.

फाटकाच्या समोर जयप्रकाश नगर. पलीकडे काझी कॅम्प, छोला, चांदबड. डिसेंबरची थंड रात्र, हलका वारा, जमिनीलगत अडकून राहिलेली हवा. मिकची वाफ हवेपेक्षा जड. ती वर गेली नाही, खाली उतरून गल्ल्यांतून पसरली. लोक खोकत उठले, मिरच्या जाळल्यासारखं झालं असं कितीतरी जणांनी नंतर सांगितलं. त्यांना दिशा ठाऊक नव्हती. वायू काय आहे ठाऊक नव्हतं. ओला कपडा तोंडावर धरून पडून राहायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. जे धावले त्यांनी श्वास जास्त घेतला. मुलं खाली होती, त्यांच्या उंचीवर वायू दाट होता.

रेल्वे स्टेशनवर उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावर उभी असलेली गाडी वेळेआधी सोडायला लावली आणि पुढच्या स्थानकांना कळवलं की गाड्या भोपाळकडे पाठवू नका. ते स्वतः फलाटावर राहिले. फुफ्फुसाचा आणि घशाचा त्रास त्यांना जन्मभर पुरला.

पहाटे दोनच्या पुढे

टाकीतला दाब उतरला, व्हॉल्व्ह आपोआप बसला. साधारण दोन तासांत टाकी रिकामी झाली होती. शहरासाठीचा भोंगा आता पुन्हा वाजला. हमीदिया रुग्णालयात रांगा लागल्या होत्या. डॉक्टरांना वायूचं नाव आणि उतारा हवा होता. कारखान्याकडून सांगण्यात आलं की हा डोळे झोंबवणारा वायू आहे, जिवावरचा नाही, अशी नोंद आहे.

सोमवार, ३ डिसेंबर, उजाडल्यावर

मध्य प्रदेश सरकारने पुढे या वायूशी ३,७८७ मृत्यू जोडले. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा अंदाज पहिल्या तीन दिवसांसाठीच सात ते दहा हजारांचा. जखमींची सरकारी संख्या २००६ च्या प्रतिज्ञापत्रात ५,५८,१२५ अशी आहे.

७ डिसेंबरला युनियन कार्बाइडचे प्रमुख वॉरन अँडरसन भोपाळला आले. त्यांना अटक झाली, जामीन मिळाला आणि त्याच दिवशी राज्य सरकारच्या विमानाने ते दिल्लीला गेले. १६ डिसेंबरपासून कारखान्यात उरलेलं मिक वापरून संपवण्यात आलं. त्या कामावर आणि नंतरच्या वैज्ञानिक चौकशीवर होते डॉ. एस. वरदराजन, दिल्लीच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. त्यांच्या पथकाने डिसेंबर १९८५ मध्ये जो मार्ग मांडला तो असा: धुण्याचं पाणी, गळका व्हॉल्व्ह, चकती नाही, सुरक्षा लाइन, जंपर, दुसरी लाइन, टाकी.

युनियन कार्बाइडने हे मान्य केलं नाही. कंपनीसाठी आर्थर डी. लिटल या अमेरिकी सल्लागार संस्थेने चौकशी केली आणि १९८८ मध्ये संस्थेचे अशोक कळेलकर यांनी लंडनच्या एका परिषदेत निष्कर्ष वाचला. त्यांचं म्हणणं, पाणी इतक्या लांबून, इतके व्हॉल्व्ह ओलांडून येऊच शकत नाही. एका नाराज कामगाराने टाकीवरचा दाबमापक काढला आणि त्या तोंडाला थेट पाण्याची नळी लावली. त्या कामगारावर कुठल्याही न्यायालयात आरोप सिद्ध झाला नाही आणि भोपाळमधल्या संघटनांनी ही कथा कधीच मानली नाही. मीही मानत नाही. पण ती जशीच्या तशी धरली, तरी काय दिसतं? ४२ टन विषाच्या टाकीला एक असं तोंड होतं जे हाताने उघडता येत होतं आणि शेजारीच पाण्याचा नळ होता. पाणी आणि मिक यांच्यामध्ये भरीव लोखंड नव्हतं, हे दोन्ही बाजूंच्या कथेत सारखंच आहे. शिवाय शीतकरण बंद कुणी केलं, स्क्रबर आणि फ्लेअर का चालू नव्हते, याचं उत्तर नाराज कामगाराच्या कथेत नाही.

एक वर्ष आणि एक दिवसानंतर, दिल्ली

४ डिसेंबर १९८५. दिल्लीत दाट वस्तीतल्या श्रीराम फूड अँड फर्टिलायझर कारखान्यातून ओलियमचा, म्हणजे धुमसत्या गंधकाम्लाचा, वायू सुटला. टाकी ज्या सांगाड्यावर होती तो कोसळला होता. तीस हजारी न्यायालयात काम करणारा एक वकील दगावला. दोन दिवसांनी, ६ डिसेंबरला, पुन्हा वायू सुटला. या वेळी थोडा, आणि पाइपाच्या सांध्यांतून.

हा कारखाना हलवावा म्हणून वकील एम. सी. मेहता यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आधीच होती. सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने २० डिसेंबर १९८६ ला निकाल दिला. धोकादायक काम करणारा उद्योग त्यातून झालेल्या नुकसानीला पूर्ण जबाबदार, ‘आम्ही काळजी घेतली होती’ ही सबब चालणार नाही, आणि भरपाई उद्योगाच्या ऐपतीनुसार. हा निकाल भोपाळच्या सावलीत लिहिला गेला हे वाचताना कळतं. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांसाठी नवं प्रकरण आलं.

भोपाळला मात्र हा नियम लागला नाही. १४ फेब्रुवारी १९८९ ला त्याच न्यायालयात तडजोड झाली, ४७ कोटी डॉलर. भोपाळच्या फौजदारी न्यायालयाने ७ जून २०१० ला कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना निष्काळजीपणासाठी दोन वर्षांची शिक्षा दिली, त्यांना लगेच जामीनही मिळाला. भरपाई वाढवून मिळावी म्हणून केंद्र सरकारने केलेली याचिका १४ मार्च २०२३ ला फेटाळली गेली. ज्या पदामुळे चकती बसली असती ते पद कापण्याचा निर्णय घेणाऱ्यांपैकी कुणी शिक्षा म्हणून एकही रात्र तुरुंगात का काढली नाही, हा प्रश्न मला अजून सतावतो.

भोपाळच्या कारखान्यात आणि त्याच्या मागच्या तळ्यांत वर्षानुवर्षं टाकलेली रसायनं जमिनीत उतरली होती. आसपासच्या वस्त्यांच्या हातपंपांना ती लागली. वायू ज्यांच्या घरात शिरला होता त्यांतले कितीतरी जण हेच पाणी पीत राहिले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला आदेश दिला, या वस्त्यांना बाहेरून शुद्ध पाणी पुरवा. आधी टँकर आले, रस्त्याकडेला काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. घरापर्यंत पाइप पोचायला त्यानंतरही वर्षं लागली. ३३७ टन विषारी कचरा कारखान्यातून हलला तो जानेवारी २०२५ मध्ये, पोलिसांच्या बंदोबस्तात, पिथमपूरच्या भट्टीकडे. मातीत आणि भूजलात जे उतरलं आहे ते तिथेच आहे.